नवरदेव आणि पोरीचा बाप

चाचा ताप पाहायचे तो हाताच्या उलट्या बाजूनं. तळहात खोटं बोलतो असं त्यांचं म्हणणं. दिवसभर चहाचे गिलास धरून धरून तो बधिर झालेला असतो. सकाळी दुकानाचं शटर वर गेलं की चपला काढायच्या आणि एकेका मशीनला हाताची मागची बाजू लावत आतपर्यंत जायचं. दुरुस्तीला आलेले कॉम्प्युटर, सीडी कॉपी करायचं यंत्र, लॅपटॉप, आणि अगदी आतल्या खोलीतला तो मोठा सर्व्हर. सगळ्यांत शेवटी मी. माझ्या कपाळाला हात टेकवून म्हणायचे, "ताप नाई. लाग कामाले." असं तीन वर्षं रोज चाललं. सुरुवातीला मला राग यायचा, मी काय डबा आहे का मशीनचा. पुढं पुढं सुट्टीच्या दिवशी त्या हाताची आठवण यायची, आता सांगायला लाज कशाची.

दुकान अकोल्यात होतं, कापूस बाजाराच्या मागच्या गल्लीत. लग्नाचं शूटिंग, कॅसेटची सीडी, पासपोर्ट फोटो, कॉम्प्युटर दुरुस्ती, जे दारात येईल ते. मी नांदगाव खंडेश्वरचा. अमरावतीला हार्डवेअरचा कोर्स केला आणि सर्टिफिकेट घेऊन गावोगाव हिंडलो, तेव्हा चाचांनी सर्टिफिकेट न पाहताच ठेवून घेतलं. फक्त विचारलं, "भांडे घासता येते का?" मी हो म्हणालो. ज्याला भांडी घासता येतात त्याला मशीन साफ करता येते, असा हिशेब.

साफसफाईचं त्यांना वेड होतं. हंगामात सरकी काढायच्या जिनिंग कारखान्याकडून कापसाचे तंतू उडत यायचे आणि पंख्यांच्या पात्यांत जाऊन बसायचे. चाचा ते दाढीच्या ब्रशनं झाडायचे, हळूच, फुंकर न मारता. चांगले चार ब्रश होते त्यांच्याकडे. स्वतःची दाढी मात्र आठ-आठ दिवसांची, कारण ब्रश मशीनसाठी राखीव. दुकानात कूलर एकच, त्याचं तोंड आतल्या खोलीतल्या सर्व्हरकडे. मे महिन्यात पत्रे तापले की चाचा बनियनवर, डोक्याला ओला दुपट्टा गुंडाळून बाहेरच्या बाकावर बसायचे आणि गिऱ्हाइकांना म्हणायचे, आत बाप झोपला हाय, हळू बोला.

हा बाप म्हणजे सर्व्हर. एक सूतगिरणी बंद पडली होती, तिच्या ऑफिसातल्या सामानाचा लिलाव होता. चाचा गेले होते चार टेबलफॅन आणायला, आणि आले ते हे लोखंडी धूड मालवाहू ऑटोत घालून. चाची आठ दिवस त्यांच्याशी बोलल्या नाहीत. चालू केल्यावर पिठाच्या गिरणीसारखा आवाज. आणि आत पाहिलं तर गिरणीच्या शेवटच्या दिवसाची हजेरी तशीच होती, सगळ्या कामगारांची नावं, पुढे हजर, हजर, हजर. मी म्हटलं, पुसून टाकतो, जागा होईल. चाचांनी माझा हात धरला. त्याच्या पोटात मानसं हायेत म्हणाले, राहू दे. तेव्हापासून त्या मशीनमधून त्यांनी कधी काही पुसलं नाही. शूटिंग असो, फोटो असो, आत गेलं ते गेलं.

लॅपटॉपला ते नवरदेव म्हणायचे, आणि सर्व्हरला पोरीचा बाप.

कोणी लॅपटॉप घ्यायला सल्ला विचारायला आला की हे सुरू व्हायचं. दोघांच्या प्रोसेसरवर आकडा सारखाच लिहिलेला असतो, वेग तोच, मग सर्व्हरवाला एवढा महाग काऊन, असं लोक विचारायचे. चाचा खुश व्हायचे. नवरदेव पाहा, म्हणायचे, घोड्यावर बसते, कसा तेज दिसते! पण दोन तास. तेवढ्यातही दोघं वारा घालाले लागते. जास्त उन्हात ठेवला का घेरी येते, मंग जीव वाचवाले हळू हळू चालते. लॅपटॉपचा प्रोसेसर तसाच, कमी विजेवर चालायचा, पातळ डब्यात राहायचा. जरा तापला की आपणच आपला वेग कमी करतो, आणि मालकाला सांगतही नाही. पोरीच्या बापाचं तसं नाही. त्याला कोणी पाहत नाही. तो एकदम आठ कामं धरतो, मंडप, पाणी, पंगत, रुसलेले पाहुणे. कोणतंही काम झटक्यात होत नाही, पण सकाळपासून शेवटची पंगत उठेपर्यंत वेग तोच राहतो. हिशेबात कुठे चुकलं तर स्वतःच पकडून दुरुस्त करतो. वीज मात्र खातो बापाच्या बापासारखी.

"आकडा सारखा म्हून दम सारखा नसते," हे शेवटचं वाक्य ठरलेलं.

कृषी विद्यापीठातला एक पोरगा फार हुज्जत घालायला लागला, तेव्हा चाचांनी त्याला शेजारच्या कॉम्प्लेक्सच्या जिन्यावरून पळत गच्चीवर जाऊन यायला लावलं. तो गेला आणि आला, शाबासकी मिळाली. मग त्याच्या हातात बादली दिली, कूलरमध्ये पाणी भराचं हाय म्हणाले. सहाव्या बादलीला पोरगा खाली बसला. हा तुहा लॅपटॉप, चाचा म्हणाले. पोरानं लॅपटॉप दुसरीकडून घेतला, हे वेगळं सांगायला नको. चाचांचा धंदा असाच चालायचा.

लग्नात शूटिंगला गेले की पोरीचा बाप जेवल्याशिवाय ते जेवत नसत. का, ते मला कळायला वेळ लागला. एकदा त्यांनी स्वतःच्या पोरीच्या लग्नाची कॅसेट लावली. पोरगी अमरावतीला दिलेली. तीन तासांची कॅसेट मी पूर्ण पाहिली, चाचा कुठेच नाहीत. नवरदेव आहे, त्याचे दोस्त आहेत, दोस्तांचे बूट आहेत. एका ठिकाणी भटारखान्याच्या पडद्यामागून एक हात येतो आणि रिकामी परात आत ओढून घेतो. "थो मी," चाचा म्हणाले, आणि हसले. मला हसू आलं नाही.

तरीपण आम्ही काही वेगळं करत नव्हतो. पैसे देणाऱ्याला नवरदेव पाहिजे असायचा, आम्ही नवरदेव काढायचो.

ती वर्षं सामूहिक लग्नांची होती. एकेकट्यानं लग्न करायची ताकद घराघरात संपली होती, मग कोणी पुढारी, कोणी संस्था मैदानात मंडप टाकायची आणि पन्नास-पन्नास लग्नं एका मुहूर्तावर लागायची. धामणगाव रेल्वे या गावाला असं एकावन्न जोडप्यांचं लग्न होतं, त्याचं काम आम्हाला मिळालं. छातीवर नंबराचे बिल्ले. घोडा एकच होता. एकावन्न नवरदेव पाळीपाळीनं त्यावर बसून फोटो काढून घेत होते, आणि घोडा बिचारा मान खाली घालून उभा. मंगलाष्टकं सगळ्यांना मिळून. मग कॅमेरा ओळीनं फिरायचा, प्रत्येक जोडप्याला दोन-अडीच मिनिटं: हार, कन्यादान, मंगळसूत्र. ठरलं होतं की प्रत्येक घरी एक सीडी द्यायची, पुढं सगळ्यांचं सारखं आणि शेवटी त्यांचं त्यांचं.

एकावन्न सीड्या! नवरदेवाच्या आवाक्यातली गोष्ट नव्हती. हे काम बापाचंच.

आता माझी गोष्ट सांगतो, आणि नीट सांगतो.

पाच कॅसेटी भरल्या होत्या. कॅसेट मशीनमध्ये उतरवायला ती जेवढी लांब तेवढाच वेळ लागतो, एका तासाची कॅसेट तर एक तास. उतरवून झाली की वरचं लेबल फाडायचं. लेबल नाही म्हणजे कॅसेट मोकळी, दुसऱ्या लग्नाला वापरायची. नव्या कॅसेटी परवडत नव्हत्या, सगळ्याच शूटिंगवाल्यांची ही रीत होती. चाचा काही कामानं बाहेर गेले. तीन कॅसेटी मी बापावर उतरवल्या आणि वीज गेली. लोडशेडिंग. बापाला बॅटऱ्यांवर अर्धा तास चालवता यायचं, तेवढा संपला. वीज येणार संध्याकाळी. चाचांचं बजावणं होतं: पंखा बंद असला तर उन्हाळ्यात नवरदेवाला कामाला लावायचं नाही.

पण मला संध्याकाळपर्यंत थांबायचं नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी अमरावतीला पुण्याच्या एका कंपनीची मुलाखत होती. हे मी चाचांपासून लपवलं होतं. एक दोस्त मोटरसायकलवर निघाला होता, चारला. लॅपटॉपला स्वतःची बॅटरी होती. मी चौथी कॅसेट लॅपटॉपला जोडली, आणि वेळ वाचवायला उतरवता उतरवताच चित्रण सीडीत मावेल इतकं बारीक करायची सेटिंग लावली. डबल काम. पत्र्याखाली, मे महिन्यात, पंखा बंद. थोड्या वेळानं चित्र अडखळायला लागलं. थिजायचं, मग उडी मारून पुढं जायचं. मी पाहिलं. पाहिलं नाही असं म्हणता येणार नाही. शेवटी पडद्यावर एक चौकट आली, इतकी इतकी चित्रं सुटली, आणि खाली 'ओके'चं बटण. मी बटण दाबलं. पाचवीलाही तेच केलं. दोन्ही कॅसेटींची लेबलं फाडली आणि मोकळ्या डब्यात टाकल्या.

दुसऱ्या दिवशी त्यांच्यावर दुसरं लग्न भरलं गेलं. मला पुण्याची नोकरी काही मिळाली नाही.

सीड्या करताना चाचांना काही जोडप्यांचं तुटकं दिसलं. चौतिसावं तर फार. नवरीचा बाप कन्यादानाला हात पुढं करतो, चेहरा अजून चौकटीत यायचा असतो, आणि चित्र थिजतं. पुन्हा चालू होतं तेव्हा पस्तिसावं जोडपं. चाचांनी मला विचारलं. मी म्हटलं, भाड्यानं आणलेल्या कॅमेरामननं कॅमेरा लवकर फिरवला असेल. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि पुढची सीडी लावली. सीड्या गेल्या. खेड्यात वीज कुठे आणि सीडी लावायला यंत्र कुठे, तक्रार कोणाचीच आली नाही. मी ती गोष्ट विसरलो, आणि चांगला विसरलो.

सव्वा वर्षानं ती आली. चौतीस नंबरची. मूर्तिजापूरकडच्या एका खेड्यात दिलेली, कडेवर पाच-सहा महिन्यांची पोरगी, पिशवीत ती सीडी. पोळ्याच्या आदल्या दिवशी बाप गेला म्हणाली. कसा गेला ते सांगितलं नाही, आणि त्या वर्षांत आमच्याकडे कोणी ते विचारत नसे. घरात त्याचा फोटो एकच, मतदानाच्या ओळखपत्रावरचा, त्यात तो कोणाचाही बाप वाटेल असा. मग तिला सीडीची आठवण झाली. नणंदेच्या घरी लावून पाहिली.

"हात दिसते," ती म्हणाली. "तोंड नाई येत. पोरीले आबा दाखवाचे हायेत मले, चालते-बोलते. पुढचं कुठी असन तर द्या."

पुढचं कुठेच नव्हतं. मला माहीत होतं. मी सोल्डरिंगची तार सरळ करत बसलो.

चाचांनी तिला पाणी दिलं आणि एकच विचारलं: बापाची काही खूण? ती म्हणाली, डावा पाय ओढत चालायचे, लहानपणी बंडीवरून पडले होते. महिनाभरानं ये, चाचा म्हणाले. मी चाचांना आत नेऊन सांगितलं की कॅसेट केव्हाच पुसली गेली, उगाच आशा कशाला लावता. त्यांनी बापाच्या, म्हणजे सर्व्हरच्या, पत्र्यावर हात ठेवला. त्या दिवशीच्या पहिल्या तीन कॅसेटी याच्या पोटात होत्या, पूर्ण, एक चित्र न सुटलेल्या. पण त्यात तिचं लग्न नव्हतं, दुसऱ्यांची होती. चाचा म्हणाले, "पोरीचा बाप आपल्याच पोरीजवळ उभा राहते का दिवसभर? थो मंडपात कुठी ना कुठी फिरत असन. दुसऱ्याच्या लग्नात पाहू."

मग सुरू झालं. बापावर चाचांनी एकदम आठ खिडक्या उघडल्या, आठ खिडक्यांत तीन तासांचे आठ तुकडे, सगळे एकाच वेळी चालू. नवरदेवावर दोन खिडक्या उघडल्या की तो अडकायचा. बाप आठही ओढत होता, पंखे घुमत होते. दिवसातून वीज जेवढी मिळेल तेवढा वेळ आम्ही बसायचो, तेच तीन तास पुन्हा पुन्हा, दर वेळी गर्दीचा एकेक कोपरा धरून. चाचा, मी, आणि वरच्या घरातून खाली येऊन चाची, चष्म्याला दोरी बांधलेली. नवरदेवांकडे पाहायचं नाही, असं चाचांनी सांगितलं होतं. नवरदेवांच्या मागं पाहायचं.

आणि मागं काय गर्दी होती! तीन वर्षं मी लग्नं कापत-जोडत होतो, ही माणसं मला कधी दिसली नव्हती. चपला सांभाळत बसलेला एक म्हातारा. अक्षता मुठीत धरून टाकायच्या विसरलेला एक जण. खांबाला टेकून उभ्या उभ्या झोपलेला कोणाचा तरी बाप. डोळे चुरचुरायचे, चाची मधेच उठून चहा टाकायच्या. एकदा मी म्हणालो, नसेल तो यात. चाचांनी आठही खिडक्या पुन्हा सुरुवातीला नेल्या. मला रोज वाटायचं, आज सांगून टाकू. रोज वीज जायची आणि मी घरी जायचो.

सापडला तो चाचींना, अठराव्या दिवशी. "थो पाहा, पाय ओढून राह्यला." बाराव्या जोडप्याच्या मागं, उजव्या कोपऱ्यात, हातात स्टीलचा जग. पाहुण्यांना पाणी वाढत तो चौकटीत येतो, एका म्हातारीसाठी वाकतो, दुपट्ट्यानं तोंड पुसतो आणि क्षणभर सरळ कॅमेऱ्याकडे पाहतो. मग निघून जातो. नऊ सेकंद. पुढं बाराव्या नवरदेवाचे मित्र नाचतात.

महिना झाला तशी ती आली. चाचांनी तिला कूलरपुढच्या खुर्चीत बसवलं आणि ती नऊ सेकंदं लावली. तिनं खुर्ची पुढं ओढली. पुन्हा लावा म्हणाली. पाच-सहा वेळा लावली असतील. मग पोरीचं तोंड पडद्याकडे वळवून म्हणाली, "पाह्य, आबा. पानी वाटून राह्यले."

पोरगी पंख्याकडेच पाहत होती.

जाताना दारात ती थांबली. भांडायला नाही, नुसतं कळावं म्हणून विचारत होती. "माह्या लग्नातलं काऊन नाई आलं, चाचा? दुसऱ्याच्या लग्नातलं आलं."

मी तिथंच होतो, दोन हातांवर. मला फक्त तोंड उघडायचं होतं.

"माही चुकी झाली, बाई," चाचा म्हणाले. "माही मशीन बिघडली होती. माफ कर."

तिनं मान हलवली, चाचांनी करून दिलेली नऊ सेकंदांची नवी सीडी पदरात गुंडाळली आणि ऑटो पकडायला गेली. तिचं समाधान झालं असं मी म्हणणार नाही. लग्नातला बाप तिला मिळाला नाही, पाणी वाढणारा मिळाला. माझ्यामुळे.

चाचांनी ब्रश घेतला आणि बापाचा पंखा झाडायला बसले. बराच वेळ झाडत होते. मग माझ्याकडे न पाहता म्हणाले, "त्या दिवशी तू गेल्यावर लगेच येऊन म्या नवरदेवाले हात लावला होता. वीज नव्हती आन् थो तापून होता."

मी म्हणालो, "मंग तवाच बोल्ले काऊन नाई?"

"तू बोलशीन म्हून थांबलो."

मुलाखतीचं मी तेव्हाही सांगितलं नाही. पुढं वर्षभर तिथं राहिलो, मग खरंच पुण्याला नोकरी लागली. चाचा गेल्याचं मला तिथं फोनवर कळलं. बाप भंगारात गेला, त्याच्या पोटातली माणसंही गेली. आता दुकानाच्या जागी मोबाईलची कव्हरं विकतात. मी कामाला जातो तिथं थंड खोलीत असे हजार बाप रांगेनं उभे आहेत, आणि मी त्यांना हात लावत नाही.

पण मला आठवते ती त्या संभाषणानंतरची सकाळ. शटर वर गेलं, चाचांनी चपला काढल्या. दुरुस्तीच्या कॉम्प्युटरांना हात लावला, सीडीच्या यंत्राला लावला, लॅपटॉपला लावला, आत जाऊन बापाला लावला. मग परत आले. मी सवयीनं मान थोडी पुढं केली होती. ते माझ्यापुढून गेले, बाकावर बसले आणि दुपट्टा ओला करायला घेतला.

"लाग कामाले," म्हणाले.